जुन्या तारवाचा नवा धनी

समुद्रकाठच्या बंदरांतून हिंडणाराच्या दृष्टीस एक देखावा नेहमीं पडतो. वाळूवर एका कुशीस कललेलें एखादें जुनें तारूं, फळ्यांचे सांधे उकललेले, डोलकाठी केव्हांच कोणीं काढून नेलेली, आणि पोटांत पावसाचें पाणी सांचलेलें. ज्या वस्तूनें एके काळीं घरेंच्या घरें पोसलीं, ती आतां कोणाचीच नसते. तिच्याविषयींचा निकालहि ठरलेलाच असतो: लांकूड चुलींत, लोखंड भंगारांत. परंतु क्वचित् असा एखादा नवा धनी भेटतो कीं जो हा निकाल मानीत नाहीं. अशाच एका तारवाची आणि त्याच्या धन्याची ही हकीकत आहे. तिचा शेवट सुखाचा नाहीं. पण डागडुजी म्हणजे काय आणि ती संपते कोठें, या प्रश्नाचें उत्तर तींत जितकें स्पष्ट मिळतें, तितकें सहसा अन्यत्र मिळत नाहीं.

तारवाचें नांव ‘स्प्रे’, म्हणजे तुषार. आणि धन्याचें नांव जोशुआ स्लोकम. आजच्या कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत १८४४ सालीं तो जन्मला. बाप जोडे शिवण्याचा धंदा करी. मुलाचें चित्त मात्र समुद्राकडे. चौदाव्या वर्षीं तो घरून पळाला व मासेमारीच्या एका गलबतावर आचारी म्हणून राहिला. सोळाव्या वर्षीं त्यानें घर कायमचें सोडलें. साधा खलाशी म्हणून चढलेला हा पोर पंचविशींत कप्तान झाला, अमेरिकेचा नागरिक झाला, आणि पुढें मोठमोठ्या शिडांच्या जहाजांचा भागीदार व मालकहि झाला. १८७१ सालीं सिडने येथें व्हर्जिनिया वॉकर हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ती त्याच्याबरोबर जहाजावरच राहिली. जहाज हेंच त्या कुटुंबाचें घर होतें. १८८४ सालीं ब्यूनॉस आयरीस बंदरांत ती वारली, आणि त्यानंतर कप्तानाचें दैव जणूं उलटें फिरलें. १८८७ च्या अखेरीस ‘ॲक्विडनेक’ हें त्याचें जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलें. या वेळीं त्याच्यासमवेत दुसरी पत्नी व दोन मुलगे होते. परक्याच्या दारीं मदतीसाठीं तिष्ठत बसण्याऐवजीं त्यानें फुटक्या जहाजाचें सामान आणि त्या जंगलांतील लांकूड यांतून ३५ फूट लांबीची एक नाव बांधली. १३ मे १८८८ रोजीं ती पाण्यांत उतरली. त्याच दिवशीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, म्हणून नावेचें नांव त्यानें ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असें ठेविलें. सुमारें साडेपांच हजार मैलांचा प्रवास करून हें कुटुंब त्या नावेंतून स्वदेशीं पोंचलें.

एवढें कर्तृत्व अंगीं असूनहि घरीं आल्यावर त्याला काम नव्हतें. तो काळच शिडांच्या ऱ्हासाचा होता. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला आणि पूर्वेकडील व्यापार झपाट्यानें आगबोटींच्या हातीं जाऊं लागला. वाऱ्याची भाषा जाणणाऱ्या कप्तानापेक्षां कोळसा आणि यंत्र जाणणाऱ्या माणसाची गरज वाढली. नव्या विद्येचा उदय होतो तेव्हां जुन्या विद्येंत पारंगत असलेल्या माणसाचा कोणताहि अपराध नसतांना तो निरुपयोगी ठरतो. स्लोकमचें तसेंच झालें. १८९२ च्या हिवाळ्यांत अठ्ठेचाळिशीला टेकलेला हा कप्तान बोस्टन बंदरांत विचार करीत उभा होता कीं पुन्हां एखादें जहाज मिळवावें, कीं गोदींत मजुरी पत्करावी. गोदींतल्या मजुरीलाहि आधीं पन्नास डॉलर वर्गणी मागण्यांत येत होती. अशा वेळीं एबेन पीअर्स नांवाचा एक जुना परिचित कप्तान त्याला भेटला. देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य घालवून तो आतां निवृत्त झाला होता. फेअरहेवनला ये, म्हणजे तुला एक जहाज देतों, असें तो म्हणाला. मात्र त्याची थोडी दुरुस्ती करावी लागेल, अशी पुस्तीहि त्यानें जोडली.

फेअरहेवन हें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील, न्यू बेडफर्डच्या समोरच्या तीरावरील लहानसें गांव. दुसऱ्याच दिवशीं स्लोकम तेथें पोंचला, आणि आपल्या मित्रानें केवढी थट्टा केली आहे हें त्याला उमगलें. खाऱ्या पाण्यापासून दूर एका शेतांत, टेकू देऊन उभें केलेलें, कॅनव्हासानें झांकलेलें एक जीर्ण तारूं त्याला दाखविण्यांत आलें. डेलावेअरच्या किनाऱ्यावर कालवें काढण्यासाठीं तें पूर्वीं वापरीत, अशी त्याची माहिती सांगत. त्याच्या वयाविषयीं गांवकरी एवढेंच म्हणत कीं, तें सन एकमध्यें बांधलें असावें! सात वर्षें तें त्या शेतांत पडून होतें, आणि पीअर्स त्याचें काय करणार हा गांवांतला नित्याचा विनोद होता. स्लोकम आल्यावर विनोदाचा धनी तेवढा बदलला. आतां हें मोडणार ना, असें लोकांनीं विचारलें. नाहीं, पुन्हां बांधणार, असें तो म्हणाला. मग, हें परवडेल का, हा दुसरा प्रश्न सुरू झाला. तो पुढें वर्षभर संपला नाहीं. परवडवून दाखवीन, हेंच त्याचें उत्तर होतें.

कामाचा आरंभ कुऱ्हाडीनें झाला. जवळच उभा असलेला एक भक्कम ओक वृक्ष त्यानें तोडला, आणि त्यांतून तारवाच्या तळाचा कणा, ज्याला आपल्याकडील खलाशी पठाण म्हणतात, तो घडविला. फांसळ्यांसाठीं सरळ वाढलेलीं कोवळीं झाडें निवडलीं. लांकूड वांकवावयाचें तर तें आधीं मऊ केलें पाहिजे. म्हणून त्यानें वाफेची एक पेटी तयार केली आणि साध्या हंड्याचा बंब केला. तासलेलीं लांकडें त्या पेटींत लवचीक होईपर्यंत शिजवावयाचीं, बाहेर काढतांच एका ओंडक्यावर वांकवावयाचीं, आणि आकार पक्का होईपर्यंत तशींच जखडून ठेवावयाचीं, असा क्रम चाले. जुनी फांसळी निघाली कीं नवी बसे. जुनी फळी निघाली कीं नवी चढे. तारवाचा मूळचा घाट त्यानें मोडला नाहीं. फक्त खोल समुद्रांत टिकाव लागावा म्हणून कांठाची उंची मध्यभागीं १२ इंच, पुढें १८ इंच आणि मागें १४ इंच वाढविली. दुसऱ्याच्या हातची वस्तु सुधारतांना किती बदलावें आणि किती राखावें, हा विवेक त्याच्या ठिकाणीं पूर्णपणें होता.

त्या गांवांत देवमाशांच्या शिकारीचा धंदा मावळतीला लागला होता, आणि निवृत्त कप्तानांची तेथें वाण नव्हती. दिवसाचे दोन घटके त्या शेतांत येऊन बसणें हा त्यांचा परिपाठ झाला. पुढच्या नाळेचा खांब त्यानें कुरणांत वाढलेल्या पांढऱ्या ओकाच्या बुंध्यांतून काढला होता. तो नव्या पठाणावर उभा राहिला त्या दिवशीं दूरदूरचे कप्तान पहावयास आले, आणि हा खांब बर्फ फोडील असा निर्वाळा त्यांनीं एकमुखानें दिला. ही थट्टा नव्हती. ज्यांनीं उत्तर ध्रुवाकडचा बर्फ प्रत्यक्ष पाहिला होता त्यांचें तें मत होतें. सात वर्षें ज्या वस्तूला गांव हसलें, तिच्याविषयीं गांवाचा सूर असा हळूहळू बदलला. काम करणाराच्या हाताकडे पाहूनच तो बदलला, बोलण्यानें नव्हे.

फळ्या दीड इंच जाडीच्या, जॉर्जियांतील पाइनच्या होत्या. त्या बसविण्याचें काम कंटाळवाणें होतें. त्यांचीं टोकें आरपार जाणाऱ्या आणि आंतून चाकी आंवळलेल्या खिळांनीं धरविलीं; असे सुमारें एक हजार स्क्रू-खिळे लागले. ६ इंच चौरस तुळया तीन तीन फुटांवर टाकून त्यांवर पांढऱ्या पाइनचें तूतक, म्हणजे वरची तक्तपोशी, घातली. तूतकावर दोन लहान खोपटीं उभारलीं: एक स्वयंपाकाला, दुसरें निजावयाला. मग सांधे भरण्याची पाळी आली. लांकडी तारवाचा जीव खरोखर सांध्यांत असतो. आधीं कापसाची वात ठोकून बसवावयाची आणि तिच्यावर डांबरलेल्या जुन्या दोरखंडाच्या तंतूंचा थर ठोकावयाचा, अशी स्लोकमची रीत होती. कापूस सांध्यांतून सरपटत बाहेर येईल अशी भीति कांहीं जाणत्यांना वाटली, आणि त्यांनीं माना हालविल्या. तो किती वेगानें सरपटेल, बंदर गांठण्यापुरता तरी वेळ मिळेल ना, असे प्रश्न एका वृद्ध कप्तानानें विचारल्याची गंमत स्लोकमनें नोंदविली आहे. तो कापूस मात्र जागचा हालला नाहीं.

वसंत ऋतु आला तेव्हां काम शेवटास येत होतें. तारवाच्या जागेलगतच जॉन कुक नांवाच्या एका आद्य वसाहतवाल्याची समाधि होती. तिच्यावर वाढलेल्या चेरीचीं फळें तूतकावरून नुसता हात पुढें करून तोडतां येत, असें स्लोकमनें सांगितलें आहे. तळाला तांब्याच्या रंगाचे दोन हात आणि वरच्या बाजूंना सफेत्याचे दोन हात दिले, सुकाणूं बसविलें, आणि दुसऱ्या दिवशीं ‘स्प्रे’ पाण्यांत उतरली. गंजलेल्या जुन्या नांगरावर ती हंसासारखी तरंगत राहिली, असें वर्णन तिच्या धन्यानें केलें आहे. तिची लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच, आणि आंतील खोली ४ फूट २ इंच. सामानाचा एकूण खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वतःचे श्रम तेरा महिन्यांचे. पैसा संपे तेव्हां तो बंदरांतल्या एखाद्या जहाजावर काम धरी आणि चार डॉलर जमले कीं पुन्हां आपल्या तारवाकडे वळे. म्हणून प्रत्यक्षांत त्याचा मुक्काम याहूनहि लांबला.

येथें एक जुना प्रश्न उभा राहतो. पठाण नवा, फांसळ्या नव्या, फळ्या नव्या, डोलकाठी नवी. मग हें तारूं जुनें कसें? प्राचीन ग्रीसमधील तत्त्वज्ञांनीं थीसिअसच्या नौकेविषयीं हाच वाद घातला होता. स्लोकमनें त्याचा निर्णय खलाशाच्या रीतीनें केला. जहाजांची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉइड्स’ संस्थेच्या नियमाचा त्यानें आधार घेतला: जुन्यांतून तुकड्यातुकड्यानें दुरुस्त होत होत एखादें जहाज सर्वस्वीं नवें झालें, तरी त्याचें नांव तेंच राहतें. जुनें केव्हां संपलें आणि नवें केव्हां सुरू झालें हें आपल्यालाहि सांगतां यावयाचें नाहीं, असें तो म्हणे. विचार केला तर यांत केवळ कायद्याची युक्ति नाहीं. एकदम नवें तारूं बांधणाराला आराखडा लागतो. जुनें दुरुस्त करणाराला आराखडा तें तारूंच देतें. प्रत्येक जुनी फळी निघतांना नव्या फळीला आपला आकार शिकवून जाते. परंपरा टिकते ती अशीच.

आरंभीं स्लोकमनें या तारवानें मासेमारी करून पाहिली. एका हंगामांत त्याला कळून चुकलें कीं गळाला आमिष लावण्याची हातोटीहि आपल्याला नाहीं. मग त्यानें जें केलें तें तोंवर कोणीं केलें नव्हतें. २४ एप्रिल १८९५ रोजीं दोनप्रहरीं तो एकटाच बोस्टनहून निघाला, पृथ्वीला प्रदक्षिणा घालण्यासाठीं. अचूक वेळ सांगणारें त्याचें जुनें घड्याळ दुरुस्त करावयास पंधरा डॉलर पडत, म्हणून तें त्यानें घरींच ठेविलें. वाटेंत यार्मथ गांवीं पत्र्याचें एक घड्याळ विकत घेतलें. त्याची तबकडी फुटली असल्यानें दुकानदारानें तें एका डॉलरला दिलें. जिब्राल्टरपर्यंत गेल्यावर भूमध्य समुद्रांत चांचे आहेत असें समजतांच त्यानें आपला बेत फिरविला आणि अटलांटिक पुन्हां ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडे तोंड वळविलें.

तारवाची खरी परीक्षा आतां झाली. ब्यूनॉस आयरीस येथें डोलकाठी उंच वाटली, तेव्हां ती त्यानें सात फुटांनीं कापली. मॅगेलनच्या सामुद्रधुनींत पाठीमागें आणखी एक लहान डोलकाठी उभारून तोल सुधारला. दुरुस्ती अशी प्रवासांतहि चालूच होती. तिचें फळ पुढें हिंदी महासागरांत दिसलें. थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे सुमारें २,७०० मैल ‘स्प्रे’नें २३ दिवसांत तोडले, आणि त्या सर्व काळांत धन्याला सुकाणूं हातीं धरावें लागलें तें सगळें मिळून तीन तासहि नाहीं. सुकाणूं बांधून ठेवावें आणि तारवानें वाऱ्याच्या अंदाजानें आपला मार्ग आपण राखावा. धन्यानें खालीं बसून वाचन करावें. लांब सरळ पठाण आणि पुढच्या-मागच्या शिडांचा जुळलेला तोल यांचा हा प्रताप होता. कीलिंग येथें पोंवळ्याच्या एका खडकावर नाळ आदळली, तेव्हां खडक दुभंगला. कुरणांतल्या ओकाला ओरखडाहि उमटला नाहीं. फेअरहेवनच्या वृद्ध कप्तानांचा निर्वाळा असा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला खरा ठरला.

२७ जून १८९८ रोजीं, तीन वर्षें आणि ४६,००० मैलांनंतर, ‘स्प्रे’ ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदरीं आली. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्यानें करणारा पहिला मनुष्य म्हणून स्लोकमचें नांव इतिहासांत नोंदलें गेलें. १९०० सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें प्रवासवृत्त आजहि वाचलें जातें. परंतु न्यूपोर्टला उतरून त्याचें समाधान झालें नाहीं. थोड्याच दिवसांनीं, ३ जुलै रोजीं, तो तारूं घेऊन फेअरहेवनला गेला, आणि पहिल्यानें पाण्यांत उतरवितांना ज्या देवदारी खुंटाला तें बांधलें होतें, त्याच खुंटाला त्यानें पुन्हां बांधलें. याहून घराजवळ तें नेतां येत नव्हतें.

कथा येथें थांबविली असती तर ती गोड झाली असती. पण तारूं थांबत नाहीं. त्याचें लांकूड रोज भिजतें, रोज सुकतें. १९०२ सालीं स्लोकमनें मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावर शेत घेतलें. मन तेथें रमलें नाहीं. हिवाळा आला कीं तो ‘स्प्रे’ घेऊन वेस्ट इंडीजकडे एकटाच निघे. वय वाढत होतें आणि हात थकत होता. त्या वर्षांत ज्या जाणत्या नाविकांनीं तारूं पाहिलें, त्यांना त्याचे दोर ढिले आणि निगा उणी झालेली दिसली. ज्या माणसानें तेरा महिने एकेक खिळा पारखून बसविला, त्याच्याच हातून तें तारूं पुन्हां उपेक्षेच्या वाटेला लागलें. १९०९ च्या नोव्हेंबरांत, पासष्टाव्या वर्षीं, दक्षिण अमेरिकेंतील मोठ्या नद्यांचा शोध घेण्याच्या इराद्यानें तो त्या बेटावरून निघाला. त्यानंतर ना त्याचा पत्ता लागला, ना तारवाचा. एखाद्या आगबोटीची धडक बसली कीं सांधे उकलले, याचे तर्क पुष्कळ झाले. समुद्रानें साक्ष दिली नाहीं. १९२४ सालीं न्यायालयानें त्याला मृत ठरविलें.

या शेवटामुळें पूर्वीची डागडुजी व्यर्थ ठरते, असें कोणी म्हणेल. वस्तुस्थिति उलट आहे. डागडुजी हें एकदां करून टाकावयाचें काम नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. कोंकणांतील कोळ्यांना हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. पावसाळा लागला कीं होड्या वर ओढून झावळ्यांनीं शाकारावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आधीं त्यांना तेल-रंग देऊन पुन्हां सज्ज करावयाचें, हा क्रम वर्षानुवर्षें चालत आला आहे. तेथें दुरुस्ती हा प्रसंग नसून ऋतु आहे.

याच अर्थाचें दुसरें उदाहरण खुद्द मुंबईनें घडविलेल्या एका नौकेचें आहे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईच्या सुतारांनीं बांधली. १९६४ सालीं ती पाण्यांत उतरली. तिच्यांतूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानें १९६८-६९ सालीं कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसें करणारा तो पहिलाच. पुढें १९९७ सालीं ही नौका ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत मानानें ठेवण्यांत आली. परंतु तेथील कोरड्या हवेंत तिच्या फळ्या आकसूं लागल्या. तुफानांनीं जें केलें नाहीं तें छपराखालच्या विश्रांतीनें होऊं घातलें. तेव्हां २००२ सालीं धन्यानें तिला बाहेर काढलें, आणि पुन्हां हत्यारें हातीं घेऊन ती समुद्रास योग्य केली.

उपेक्षा एकाच प्रकारची नसते. शेतांत टाकून दिलेलें तारूं जसें मरतें, तसें संग्रहालयांत पूजिलेलेंहि मरतें, आणि कीर्ति मिळाल्यावर धन्याची नजर ढळली तरी मरतें. त्याला जगवितो तो रोज सांधे चाचपून पाहणारा हात. फेअरहेवनच्या शेतांत स्लोकमला फुकट मिळालें तें जहाज नव्हतें. तेरा महिन्यांचें काम मिळालें. जहाज त्यानें त्या कामांतून मिळविलें, आणि तें काम जोंवर चालू राहिलें, तोंवरच तें जहाज त्याचें राहिलें.